मुक्या सोबत्याचा दीर्घ आजार



घरातील माणूस आजारी पडला तर काय करावे, कोणाला बोलवावे, हे आपल्याला थोडेफार ठाऊक असते. पण घरातला कुत्रा बरा न होणाऱ्या आजाराने पडला, आज बरा दिसला आणि उद्या एकाएकी खालावला, तर आपले मन गोंधळून जाते. शेजारी म्हणतात, "कुत्र्यासाठी एवढे काय?" म्हातारी माणसे म्हणतात, "नजर लागली." मुले काहीच म्हणत नाहीत, फक्त जेवत नाहीत. माझ्या घरी गेली दोन वर्षे हेच चालले आहे. म्हणून या पाठासाठी हा विषय घेतला आहे.

१. मोतीची हकीकत

मी गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मीच पहिला. माझ्या मायने दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी आणि कापणी करून मला शिकविले. मी बी.एड.चा अभ्यास करीत होतो त्या हिवाळ्यात मोती आमच्याकडे आला. धानाच्या पुंजण्याखाली कुडकुडत पडलेले ते पिल्लू मायने पदरात घालून घरी आणले. मी रात्री वाचायला बसलो की तो माझ्या पायावर डोके ठेवून झोपे. माय शेतावर गेली की दार तो सांभाळी. पुढे माझे लग्न झाले, मुलगी झाली. तिने पहिले पाऊल टाकले तेही मोतीच्या पाठीला धरून.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता मोतीला ताप आला. कानात व बोटांच्या बेचक्यात गोचिडी होत्या. पशुवैद्यांनी रक्त तपासून गोचीड-ताप असल्याचे सांगितले आणि अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. दहाव्या दिवशी मोती उठला, भाकर मागू लागला, मुलांच्या मागे धावू लागला. आम्हाला वाटले, बरा झाला. गोळ्या बंद केल्या. ही चूक आमची होती आणि ती मी मुद्दाम येथे लिहीत आहे, कारण ती अनेक घरांत होते.

काही महिन्यांनी तो पाणी फार पिऊ लागला, घरात लघवी करू लागला, वाळत चालला. नागपूरला नेऊन तपासणी केली तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे कळले. "हा आजार जाणार नाही, पण काळजी घेतली तर बरे दिवस मिळतील," असे डॉक्टरांनी सांगितले. औषध व पथ्य सुरू झाले. आठ महिने चांगले गेले. अंगावर मांस आले. आणि गेल्या आषाढात, रोवणीच्या ऐन धांदलीत, एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले. आदल्या संध्याकाळी तो फाटकापर्यंत मला आणायला आला होता.

माय त्याच्याजवळ बसून म्हणाली, "आपलं काय चुकलं रे?" हा प्रश्न या पाठाचा गाभा आहे.

२. आजाराला कारण असते

शेजारच्या एका मावशीने मायला सांगितले की, मोतीच्या गळ्यात काळा दोरा बांधा, लिंबू उतरवून टाका. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की, मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगू द्या. मायने घरातले जुने देव स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. तरीही त्या सकाळी तिचा हात दोऱ्याकडे गेला. मी तिला दोष देत नाही. दुःखात माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

परंतु "मागच्या जन्मीचे पाप" हे उत्तर आपल्याला नवे नाही. याच उत्तराने आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते. ते उत्तर माणसाच्या बाबतीत खोटे आहे, तर मुक्या जनावराच्या बाबतीत खरे कसे असेल? दुःख आहे, त्याला कारण आहे, ही आपल्या विचाराची रीत आहे. मग मोतीच्या आजाराचे कारण काय?

गोचीड-तापाचा सूक्ष्म जंतू तपकिरी रंगाच्या गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात जातो आणि पांढऱ्या पेशींत राहतो. हा रोग प्रथम १९३५ साली अल्जीरियात ओळखला गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याचे अनेक कुत्रे याच रोगाने मेले, तेव्हा त्याचा कसून अभ्यास झाला. चाव्यानंतर साधारण आठ ते वीस दिवसांत ताप येतो. दोन ते चार आठवड्यांनी, औषध पूर्ण झाले नाही तरी, ताप उतरू शकतो. कुत्रा बरा दिसतो, पण जंतू आत दडून राहतो. असे महिनोन् महिने, कधी वर्षेही जातात. नंतर काही कुत्र्यांत रोग पुन्हा डोके वर काढतो. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, नाकातून रक्त येते, हिरड्या पांढुरक्या पडतात, मूत्रपिंडांना इजा होते.

मूत्रपिंडांचेही असेच आहे. त्यांची सुमारे दोन-तृतीयांश शक्ती संपेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. उरलेला भाग सगळा भार ओढत असतो. मग एखादा दिवस उलट्या झाल्या, ऊन लागले, पाणी कमी पडले, की तेवढ्यानेही तोल जातो. आपल्याला वाटते, एकाएकी झाले. खरे तर ते फार दिवसांपासून होत होते. आपल्याला दिसले मात्र त्या दिवशी.

म्हणून मायच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, ही आपली चूक झाली. ती मान्य करू आणि पुन्हा करणार नाही. पण आषाढातल्या त्या सकाळी जे झाले ते आपण आदल्या दिवशी काही कमी केले म्हणून झाले नाही. चढउतार हा या आजाराचा स्वभाव आहे. खालावणे म्हणजे आपली सेवा वाया गेली असे नव्हे. ते आठ महिने मोतीने खरोखर जगलेले आहेत.

३. कुत्र्याची एवढी काळजी का?

येथे कोणी विचारील, माणसांना औषध मिळत नाही, तेथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

बाबासाहेबांच्या राजगृहातील एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ते फेब्रुवारी १९३४ मधील आहे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि त्यांच्यासोबत टॉबी हा बाबासाहेबांचा आवडता कुत्राही आहे. ज्यांच्या डोक्यावर एका समाजाचा भार होता, त्यांच्या घरातही एका कुत्र्याला जागा होती.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी करुणा आणि मैत्री यांतील फरक स्पष्ट केला आहे. करुणा माणसांविषयी असते. मैत्री तिच्याही पुढे जाते आणि सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे नोंदविले आहे. आपल्या संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक कर्तव्य आहे.

यावरून माणसाच्या तोंडचा घास काढून कुत्र्याला द्यावा असा अर्थ कोणी काढू नये. माझा पगार ठरलेला आहे. मुलीची फी आणि मायचे रक्तदाबाचे औषध आधी. डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगितले, "महिन्याला एवढेच जमेल, यात काय करता येईल ते सांगा." हे सांगताना मला लाज वाटली होती. पण त्यांनी त्यातल्या त्यात आवश्यक औषधे निवडून दिली. खर्चाची मर्यादा सांगणे यात कमीपणा नाही.

४. सेवा करणाऱ्याचे पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. पुढे भगवंतांनी आजाऱ्याची सेवा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत ते सांगितले. तो उपदेश माणसांसाठी आहे. पण "उपयोगाचा नाही म्हणून टाकला" ही गोष्ट दार राखू न शकणाऱ्या कुत्र्यालाही लागू पडते. म्हणून ते पाच गुण घेऊन आपण आपल्या प्रश्नाकडे पाहू.

पहिला गुण : औषध नीट देता येणे. जितक्या दिवसांचे औषध दिले तितके दिवस ते द्यावे. बरे दिसले तरी सोडू नये. गोचीड-तापाची गोळी कोरडी घशात कोंबू नये. घासात घालून द्यावी व वर पाणी पाजावे. माणसाची दुखण्यावरची गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला गंभीर इजा होते. आणि आपल्या धानपट्ट्यात विशेष सांगायचे म्हणजे, पिकावर फवारायचे औषध गोचिडी मारण्यासाठी कुत्र्याच्या अंगाला लावू नये. त्याने कुत्रा मरू शकतो. ही गोचीड भिंतीच्या भेगांत राहते आणि तेथे हजारो अंडी घालते. म्हणून भेगा लिंपून घ्याव्यात, त्याची बसण्याची जागा झाडून काढावी आणि अंगावरचे औषध पशुवैद्यांना विचारूनच आणावे.

दुसरा गुण : पथ्य काय आणि कुपथ्य काय हे जाणणे. मूत्रपिंडाच्या आजारात कुत्र्यासमोर स्वच्छ पाणी चोवीस तास असावे. आम्हाला कोणी तरी सांगितले की, लघवी फार करतो तर पाणी कमी करा. आम्ही दोन दिवस तसे केले आणि तो अधिकच खालावला. तो पाणी पितो म्हणून लघवी होते असे नाही. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून त्याला प्यावे लागते. मटणाची हाडे, खारवलेली सुकी मासळी आणि कांदा-लसणाचा रस्सा बंद करावा. कांद्याने कुत्र्याचे रक्त कमी होते. मोतीला भात आणि अंड्याचा पांढरा भाग डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने देतो.

तिसरा गुण : लाभासाठी नव्हे तर मायेने सेवा करणे. मोती आता चोर आला तरी उठणार नाही. त्याच्याकडून घ्यायचे ते आपण घेतलेले आहे. म्हातारा, आजारी कुत्रा पोत्यात घालून दूर जंगलाच्या रस्त्यावर सोडून देण्याची रीत आपल्या भागात कोठे कोठे आहे. जनावर उपाशी मरेल अशा रीतीने त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

चौथा गुण : घाणीची किळस न करणे. उलटी, लघवी, तोंडाचा वास हे सर्व या आजारात येते. आमच्याकडे जुनी पोती आणि लुगड्याची फडकी वेगळी ठेवली आहेत. धुण्याचे काम मी आणि पत्नी दिवस वाटून करतो. मायवर टाकत नाही. तिने आयुष्यभर पुष्कळ घाण काढली आहे.

पाचवा गुण : आजाऱ्याला धीर देणे, त्याचे मन प्रसन्न ठेवणे. कुत्र्याला धम्मकथा कळत नाही, पण आवाज कळतो. त्याच्याजवळ मोठ्याने रडू नये, भांडू नये. नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी त्याच्याजवळ बसावे.

५. एकाएकी खालावल्यास

तो दिवस येणार हे धरून तयारी ठेवावी. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर आणि रात्री गाडी कोण देईल त्याचे नाव भिंतीवर लिहून ठेवावे. थोडे पैसे डब्यात वेगळे ठेवावेत.

एक वही करावी. आमची वही माझी मुलगी लिहिते. रोज किती खाल्ले, किती भांडी पाणी प्याला, उलटी झाली का, एवढेच. पंधरा दिवसांनी वजन. धान मोजण्याच्या काट्यावर मोतीला घेऊन उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे. खालावण्याआधी चार-पाच दिवस भूक कमी होते, हे आम्हाला या वहीवरूनच कळले.

नाकातून रक्त आले तर कुत्र्याला शांत बसवावे, नाकाच्या वरच्या बाजूला थंड पाण्याचे फडके ठेवावे, नाकात काही कोंबू नये आणि दवाखाना गाठावा. हिरड्या पांढऱ्या पडल्या, एका दिवसात वारंवार उलट्या झाल्या, लघवी बंद झाली किंवा झटका आला तर सकाळची वाट पाहू नये. झटक्यात त्याच्या तोंडात हात घालू नये.

आणखी एक सावधगिरी. कुत्रा एकाएकी चावरा झाला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, आवाज बदलला, तर तो पिसाळला असण्याची शंका घ्यावी. मुलांना दूर ठेवून पशुवैद्यांना बोलवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. येथे मायेपोटी चालढकल केली तर माणसाचा जीव जातो. म्हणून कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी.

६. शेवटचा निर्णय

सलाइन आणि इंजेक्शनांनी मोती त्या वेळी सावरला. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, असे पुन्हा होईल, आणि एखाद्या वेळी तो सावरणार नाही. तेव्हा वेदनारहित मृत्यूचे इंजेक्शन द्यावे का, याचा विचार करून ठेवा.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण पंचशीलातील पहिले शील घेतले आहे. मग हे कसे करायचे? बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी भेद केला आहे. हा भेद त्यांनी आजारी कुत्र्यासाठी सांगितलेला नाही. पण स्वतःला विचारायचा प्रश्न त्यातून मला मिळाला : हे मी कोणासाठी करीत आहे? त्याची वेदना कोणत्याही उपायाने थांबत नाही म्हणून, की माझी झोप, माझा पैसा, माझा कंटाळा यांसाठी? आणि उलट बाजूनेही विचारले पाहिजे. त्याला सोडवत नाही म्हणून मी त्याला तडफडत ठेवीत तर नाही ना?

माझे उत्तर अजून पूर्ण झालेले नाही. आम्ही घरात एवढे ठरविले आहे की, वहीत सलग चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस अधिक होऊ लागले, तो पाणी घेईना, मुलीच्या हाकेला कान हलवीना, तर डॉक्टरांना घरी बोलवायचे आणि सर्वांनी मिळून ठरवायचे. काही घरे नैसर्गिक मृत्यूची वाट पाहतील, वेदना कमी करण्याचे औषध देत राहतील. त्यांनाही दोष देऊ नये. मात्र हा निर्णय रागाच्या भरात किंवा शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून होऊ नये, आणि विष घालून तर कधीच होऊ नये.

७. मुलांना काय सांगावे

खरे सांगावे. "मोती गावाला गेला," असे सांगू नये. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मोती बरा होईल?" मी म्हणालो, "नाही बेटा. पण आज त्याला बरे वाटेल असे आपण करू शकतो." ती थोडा वेळ रडली आणि पाण्याचे भांडे भरायला गेली. शाळेत मी अनित्यतेवर फळा भरून लिहिले असते, तरी तिला यापेक्षा अधिक समजले नसते.

हा पाठ लिहीत असताना मोती ओसरीवर पोत्यावर पडलेला आहे. आज त्याने अर्धा भात खाल्ला. वहीत तशी नोंद झाली आहे. त्या मावशीही परवा येऊन गेल्या. त्यांच्या बकरीला गोचिडी झाल्या आहेत. दवाखाना किती वाजता उघडतो, हे त्या मायला विचारीत होत्या.

घरात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. कुत्रा बरा दिसला तरी औषध पूर्ण का द्यावे?

२. पुन्हा पुन्हा खालावणे म्हणजे सेवा वाया गेली, असे का म्हणता येत नाही?

३. करुणा आणि मैत्री यांतील फरक आपल्या घरातील एका उदाहरणाने सांगा.

४. आपल्या घरातील म्हातारे बैल, गाय, कुत्रा यांचे आपण काय करतो? सर्वांनी खरे बोलावे.